चारीपलीकडची भाऊबीज

झूल शिवत होतो आम्ही, गाईची. थंडी पडायला लागली होती, म्हणून पेंडीची दोन गोणपाटं उसवून एकाला एक जोडायची होती. मी गोणपाट ताणून धरलेलं आणि हौसा, माझी बायको, दाभणात सुतळी ओवून टाके घालत होती. ओट्यावर चांगलं ऊन होतं. माझा हात जरा ढिला पडला की ती दाभण थांबवून माझ्याकडं बघायची.

"धरा की नीट. सरकारी नोकरी संपली आता तुमची."

"धरलंय."

"असं धरत्यात व्हय? ह्यातनं गाय सुदीक निसटून जाईल."

झूल झाली. तिनं ती झटकली, उन्हात धरून बघितली, एक टाका वाकडा गेला होता तो माझ्या नावावर टाकला आणि चहा ठेवायला उठली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. संध्याकाळी छातीत भरून आलं म्हणाली. दवाखाना यायच्या आत रिक्षातच गेली.

आता हे जनावरांच्या डॉक्टरांच्या दिवाळी अंकात कशाला, असं कोणी विचारील. विचारू दे. संघाचे डॉक्टर गाडेकर साहेब मला म्हणाले, "मामा, तुमचा जन्म जनावरांच्या दवाखान्यात गेला. रिटायर झाल्यावर आमच्या संघात आलात. तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, साहेब, माझी शाळा चौथीपातूर. तर म्हणाले, "आमच्याकडं सगळे मोठ्या डिग्रीवाले लिहितात, म्हणून अंक कोणी वाचत नाही." साहेब खरं बोलणारा माणूस आहे. म्हणून लिहितो.

दवाखान्यात माझी जागा परिचराची. कागदावर परिचर, गावात कंपौंडर, आणि बैल लाथा झाडायला लागला की मग 'अहो डॉक्टर'. काम एवढंच की डॉक्टर सुई टोचणार आणि जनावर मी धरणार. लोकांना वाटतं सुई टोचणं अवघड. एकदा म्हशीची शिंगं धरून बघा. डॉक्टर चुकला तर दुसरी सुई मिळते, धरणारा चुकला तर दुसरी बरगडी मिळत नाही. माझी एक बरगडी अजून ढगाळ हवेत सांगते, तिला बेलापूरच्या म्हशीनं शिकवलेलं आहे.

आणि हा संघ म्हणजे काय, तेही सांगतो, कारण आमच्या गावात अजून लोकांना वाटतं की हा गोरक्षणवाल्यांचा काहीतरी प्रकार आहे. तसं नाही. जनावरांच्या साथीचा माग काढणाऱ्या डॉक्टरांचा हा संघ. दवाखान्यातला डॉक्टर एक जनावर बघतो. संघातली माणसं गाव बघतात. गाय आजारी पडली की डॉक्टर तिच्या तोंडात बघतो. हे लोक विचारतात, काल हिच्या शेजारी कोण बांधलं होतं? बाजारातून काय आणलं? पाव्हणा कोण आला, तो कुठल्या गोठ्यातून आला? पोलीस चोराच्या मागं लागतात तसे हे रोगाच्या मागं. आला कुठून, गेला कुठं, उद्या कुणाच्या दारात जाणार, सगळं नकाशावर मांडतात. फरक एवढाच की पोलिसाला चोर कधीमधी सापडतो.

लस टोचायला गावात गेलो की काय व्हायचं, ते ह्या लोकांच्या नकाशात येत नाही. लस टोचली की जनावराला ताप येतो, दोन-चार वेळा दूध कमी पडतं. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात रोग सरकारनंच आणला. आमची जीप लांबून दिसली की गावातली जनावरं उसात पळायची. राहात्याकडच्या एका पाटलांनी तर छातीठोक सांगितलं, "आमच्याकडं जनावरच नाही, विकली सगळी." तेवढ्यात मागच्या उसातून हंबरडा आला. पाटील म्हणाले, "ते शेजाऱ्याचं." मग दुसरीकडून आला. "तेही शेजाऱ्याचंच." डॉक्टर म्हणाले, "शेजारी भाग्यवान आहे," आणि आम्ही निघालो. पुढच्या महिन्यात पाटलांचा फोन आला, जनावरांची तोंडं आली म्हणून. आता मात्र सगळी त्यांचीच होती.

पण पाटलांना काय नावं ठेवू? हौसानं माझ्यापासून गाय लपवलेली आहे. मी लस घेऊन घरी आलो तर गोठा रिकामा. म्हटलं गाय कुठं? म्हणाली, "माहेरी गेली." गाय शेजारच्या बबनच्या गोठ्यात होती आणि बबनची बायको तिला तिथं हिरवा चारा घालत होती. पुढं वस्तीवरची दोन वासरं लाळीनं गेली तेव्हा हौसा स्वतः गाय धरून उभी राहिली. म्हणाली, "टोचा. पण तुमी न्हाई, डॉक्टरनं."

लाळ-खुरकत, जिला कोणी लाळीचा रोग म्हणतात, तिच्यावरच हे सगळं चाललेलं आहे म्हणून दोन ओळी सांगतो. जनावराच्या तोंडात फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, जिभेची साल निघते. खुरांत जखमा होतात. थोरलं जनावर सहसा मरत नाही, पण दूध आटतं, बैल बसतो तो उठत नाही, गाभण गाय गाभडते, लहान वासरू तर उभ्या उभ्या जातं. माणसाला होत नाही. पण माणूस वाहून नेतो, चपलेला, हाताला, धोतराला. म्हणून आजारी गोठ्यातून आलेल्या माणसानं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाय बुडवायचे, कपडे बदलायचे, मग दुसऱ्या गोठ्याकडं बघायचं. शास्त्र एवढंच आहे. बाकी सगळं चहापाणी.

चहापाण्यावरून आठवलं. संघाचा मोठा मेळावा राहात्याला मंगल कार्यालयात भरला होता. विषय 'रोगप्रसार रोखण्यात माणसाची जबाबदारी'. गाडेकर साहेबांची कल्पना, की दारातच सोड्याच्या पाण्याचं मोठं घमेलं ठेवायचं, येणाऱ्यानं त्यात पाय बुडवून आत यायचं, म्हणजे व्याख्यानाआधीच शिकवण. घमेलं मी ठेवलं. शेजारी पाटी लावली. प्रमुख पाहुणे आले, कोल्हापुरी चपला नव्या करकरीत. त्यांनी घमेलं बघितलं, पाटी वाचली, माझ्याकडं बघून हसले आणि धोतर सावरून वरून उडी मारली. वय बघता चांगली मारली. त्यांच्या मागनं सगळ्यांनीच मारली. बूटवाले स्वयंपाकघराच्या दारानं आत गेले. एकट्या गाडेकर साहेबांनी बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि दोन्ही पाय बुडवून आत गेले. लोकांना वाटलं पाय दुखत असतील. संध्याकाळी घमेलं ओतायला गेलो तर पाणी सकाळी होतं तसंच नितळ. ठराव मात्र एकमतानं पास झाला.

त्या दिवसापासून घमेल्यावरचा माझा विश्वास उडाला. पुढचं सगळं त्यातून झालं.

हौसाचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू मुलूख. तिचा धाकटा भाऊ नामदेव, आम्ही नामा म्हणतो, दर वर्षी दिवाळीच्या आगंमागं बैलगाडी घेऊन ऊस तोडायला आमच्या भागात उतरतो. साखर कारखान्याच्या तोडणीवाल्यांचा तळ आमच्या वस्तीच्या समोरच, मध्ये फक्त रस्ता आणि कालव्याची चारी. पलीकडं पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या की हौसाची दिवाळी सुरू व्हायची. चार महिने रोज तिचं एक पाऊल चारीवरच्या फळीवर. सकाळी ताक, संध्याकाळी कालवण. नामा रात्री आमच्याकडं जेवायला. बाप लवकर गेलेला, तिनंच त्याला कडेवर खेळवलेलं. त्याला मिशा पांढऱ्या झाल्या तरी ही त्याला म्हणायची, "नाम्या, डोक्याला त्याल लाव."

गेल्या वर्षी तळ पडला आणि चार दिवसांत बैलांची लाळ गळायला लागली. एकाच्या, मग शेजारच्याच्या, मग नामाचा एक बैल. लस? त्यांच्या गावाला लसवाले पोचले तेव्हा बैल वाटेला लागले होते. आमच्या गावची लस आमच्या गावच्या जनावरांना. तळावरचे बैल तिथं नसतात आणि इथं मोजत नाहीत. गाडेकर साहेबांना मी सांगितलं. त्यांनी संघाच्या बैठकीत विषय काढला. तिथं एका विद्वानांनी सांगितलं की स्थलांतरित जनावरं ही एक गुंतागुंतीची अडचण आहे. अडचण माझ्या दारासमोर चूल पेटवून बसली होती.

आणि इकडं आमची गुणी दिवस भरत आलेली. जर्सी गाय, हौसानं वासरापासून वाढवलेली. ती इतकी पुढं गेलेली असल्यामुळं डॉक्टरांनी लस थांबवली होती, व्याल्यावर टोचू म्हणाले होते. म्हणजे रोग चारीच्या पलीकडं, बिनलशीची गाभण गाय अलीकडं, आणि मध्ये हौसाचं पाऊल.

मी सांगून टाकलं. "चारी ओलांडायची न्हाई. तू तिकडं न्हाई, तो हिकडं न्हाई. गुणी मोकळी होईपातूर."

 हौसा गप्प बसली की घरात भांडी बोलायची. दोन दिवस भांडी बोलली. तिसऱ्या दिवशी ती चारीच्या काठावर जाऊन उभी राहिली आणि पलीकडं हाक मारली. "नाम्याऽ, जेवला का?" तिकडून आवाज आला, "जेवलो आक्काऽ." मग रोज तेच. भाकरी कापडात बांधून फळीच्या मधोमध ठेवायची आणि मागं यायचं, मग तिकडनं नामा यायचा आणि उचलायचा. फडकं परत आणायचं नाही, असं मी बजावलं होतं. हौसाची घरातली सगळी फडकी पलीकडं गेली.

भाऊबीज आली. नामा पलीकडच्या काठावर आंघोळ करून, टोपी घालून उभा. म्हणाला, "दाजी, सोड्याच्या पाण्यानं पाय धुतो, दुसरं धोतर नेसतो. उंबऱ्याच्या आत सुदीक येत न्हाई. अंगणात पाट टाका."

मी म्हटलं, "नको. मधी चारी हाय ती बरी."

चुकलं म्हणा, नाही म्हणा. शास्त्रानं तो येऊ शकत होता, गोठ्याकडं गेला नसता म्हणजे झालं. पण मी राहात्याला शिकलेल्या माणसांच्या उड्या बघितल्या होत्या. म्हटलं, घमेलं माणसाच्या मनावर असतं, चारी नसते.

मग भाऊबीज तशीच झाली. चारीला आवर्तन सुटलेलं, पाणी भरून चाललेलं. पलीकडं नामा पाटावर बसला, म्हणजे पालथ्या बादलीवर. अलीकडं हौसा ताट घेऊन उभी. तिनं हवेतच कुंकू लावलं, हवेतच ओवाळलं. अक्षता फेकल्या त्या पाण्यात पडल्या. तळावरच्या बाया पलीकडं हसत होत्या, आमच्या वस्तीवरच्या अलीकडं. बबन म्हणाला, "वहिनी, लाडू फेका, मी झेलतो." हौसानं त्याला जे सांगितलं ते छापता येत नाही.

"आक्का, ओवाळणीऽ" म्हणत नामानं पिशवीत बांधलेली साडी भिरकावली. ती नेमकी मधोमध पडली आणि वाहायला लागली. हौसा काठानं पळते, नामा पलीकडच्या काठानं पळतो, बबन काठी घेऊन मध्ये. पुढं मोरीपाशी पिशवी अडकली तेव्हा हाती लागली. हौसानं उघडली. डाळिंबी रंगाची, काठाला जर. तिनं ती छातीशी धरली आणि तेवढ्यात मी म्हणालो, "सोड्याच्या पाण्यात घाल आधी."

"नवी साडी?"

"कोपीतनं आलीय."

तिनं घातली. रंग उतरला, जर काळी पडली. नवी कोरी साडी, पहिल्याच दिवशी चार दिवाळ्या बघितल्यासारखी दिसायला लागली. तीच नेसून ती वस्तीभर हिंडली. कोणी विचारलं की म्हणायची, "भावानं घेतली, आणि आमच्या ह्यांनी तिला लस टोचली."

मग संध्याकाळी चूल पेटवताना एवढंच म्हणाली, "गाय व्याली की पहिला चीक नाम्याला. त्याला हितं बसवून. मग तुमचं शास्त्र घाला चुलीत." मी हो म्हटलं. तिला त्या एका गोष्टीची वाट होती. गाईकडं ती रोज बघायची, कास भरली का, कुल्ले उतरले का. मला वाटायचं गाईसाठी बघते. गाईपायी भावाचा ताटातला हात अडलेला होता, म्हणून बघायची.

गाय व्यायच्या आधी ती गेली.

तिला घरी आणली तेव्हा वस्ती भरून आली. पोरगी जवळच देवळाली प्रवरेला दिलेली आहे, ती आली. कोणाच्या चपला कुठल्या गोठ्यातून आल्या, मी बघितलं नाही. मला त्या वेळी गाय नव्हती, चारी नव्हती, काही नव्हतं. सवाष्ण बाई जाते तेव्हा अंगावर माहेरची साडी घालतात. बाया विचारायला लागल्या, माहेरचं कोण आलंय? मी मान वर केली.

नामा रस्त्याच्या पलीकडं उभा होता. फळी ओलांडून आला होता, पण रस्ता ओलांडला नव्हता. हातात नवी हिरवी साडी, कुठून एवढ्यात पैदा केली कोण जाणे. पाय गुडघ्यापर्यंत ओले. धुऊन आलेला. तरी आत येत नव्हता.

गाडेकर साहेब बातमी कळून आले होते. त्यांनी विचारलं, "मामा, तो माणूस कोण? आत का येत नाही?"

"माझा मेहुणा. त्याच्या बैलाला लाळ हाय."

"अहो, मग? पाय धुतलेत त्यानं. घरात यायला काय हरकत आहे?"

"मीच नको म्हणलो हुतो."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग खाली बघितलं.  मी नामाला हाक मारली, "ये रे आत." त्यानं तिथूनच हात हलवला. "नगं दाजी. आक्काची गाय हाय." पोरगी रस्त्यावर गेली, आपल्या मामाच्या हातातून साडी घेतली, आणून आईला घातली. तिला उचलली तेव्हा नामा रस्त्याच्या त्या कडेनं आमच्या बरोबरीनं चालत गेला, स्मशानापर्यंत. सगळ्यांच्या शेवटी, लांबून त्यानं पाणी दिलं.

माझ्या सगळ्या नोकरीत, संघाच्या सगळ्या मेळाव्यांत, प्रतिबंधाचा नियम इतका कडक पाळलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. संघानं त्याला शाल द्यायला हरकत नाही. पण तो उसाच्या मागं कुठल्या तळावर असतो ते आधी शोधावं लागेल, आणि तेवढंच तर संघाला जमत नाही.

हा अंक वाचणारे सगळे डॉक्टर, म्हणून त्यांच्या मनातलं आधी सांगून टाकतो. गुणीला रोग झाला नाही. पुढं व्याली, कालवड झाली. का वाचली ते तुमच्या नकाशात शोधा. मला विचाराल तर नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं भेटायला यायच्या आधी मी उठलो. बबनला हाक मारून सांगितलं, "आजपासनं गाईचं तू बघ. तुझ्या घरातनं ये, धुऊन ये. मी आता गोठ्याकडं यायचा न्हाई." फडताळातून जखमा धुवायच्या पोटॅशची पुडी घेतली, बोरिक घेतलं, डब्यातलं गोडं तेल घेतलं, हळद घेतली. पोरगी दारात आली.

"आबा, सुतकात कुठं निघाला? लोकं येतील."

"येऊ दे. चहा दे त्यांना."

चारीवरची फळी दवानं ओली होती. मी ती ओलांडली. त्या हंगामात पहिल्यांदा. तळावर माणसं उसाच्या फडावर निघायच्या तयारीत होती. नामा गेला नव्हता. त्याचा एक बैल उभा होता, दुसरा कोपीच्या मागं आडवा, तोंडातून तार लोंबलेली. मला बघून नामा उठला.

"दाजी, हिकडं कशाला आलात? गाईचं काय?"

"बबन बघतोय."

"आता तुमाला गोठ्यात जाता यायचं न्हाई."

"न्हाई तर न्हाई. पाणी ऊन कर जरा."

त्याच्या बायकोनं चुलीवर पाणी ठेवलं. मी पोटॅश कालवलं, पाणी जांभळं झालं. बैलाच्या डोक्याशी बसलो. जिभेची साल अर्धी निघालेली, खुराच्या बेचक्यात माश्या. म्हटलं, "नामा, शिंगं धर."

तो बसला, बैलाचं डोकं मांडीवर घेतलं, शिंगं धरली. मी जबडा उघडून धुवायला घेतलं. तोंड झालं, मग खुरं. तेव्हा कुठं नामा रडायला लागला. त्यानं शिंगं सोडली नाहीत. माझे दोन्ही हात जांभळ्या पाण्यात होते. तसंच बैलाचं चौथं खूर धुतलं, तेल-हळद भरली आणि उभा राहून दुसऱ्या कोपीकडं हाक मारली, "तुमचा कुठला बसलाय, दाखवा."